आंबेत: पूल मिळाला, नदीचं काय?

गावच्या जमातीचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात जुईनगर, नेरूळ, मुंब्रा, कुवेत, दोहा आणि थोडे प्रत्यक्ष गावात राहणारे अशी माणसं आहेत. रमजानच्या तोंडावर मशिदीच्या छपराचं काम निघालं. रक्कम लहान नव्हती, पण दोन दिवसांत जमली. पैसे कमी पडतील म्हणून हात आखडता घेणारे आम्ही नाही आहोत, याचा मला अभिमानच आहे. त्याच आठवड्यात गावातल्या एका पोराने खाडीच्या काठाला मरून पडलेल्या माशांचा फोटो टाकला. खाली तीन अंगठे, एक रडका चेहरा आणि एका चाचांचं ‘अल्लाह रहम करे’. मग पुन्हा छपराच्या पत्र्यांचे दर सुरू झाले.

मीही अंगठाच दिला होता. म्हणून हे लिहितो आहे.

गाव आंबेत. तालुका म्हसळा, जिल्हा रायगड. जुईनगरहून लोकलने पनवेल, तिथून एसटी. मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण मी कॉलेजात असल्यापासून चालू आहे, तेव्हा वेळेचा अंदाज विचारू नका. माणगाव, लोणेरे मागे टाकलं की महाडच्या अलीकडे टोळ फाटा लागतो. तिथे महामार्ग सोडून उजवीकडे वळायचं. थोड्या वेळाने झाडीतून पाणी दिसायला लागतं, रुंद आणि मातकट. ती सावित्री. अलीकडे आंबेत, रायगड जिल्हा. पलीकडे म्हाप्रळ, मंडणगड तालुका, रत्नागिरी जिल्हा. मधे पूल. दोन्ही काठांवर आपलीच, म्हणजे कोकणी मुसलमानांची वस्ती मोठी आहे, आणि सोयरिकीही पुलाच्या आरपार झालेल्या आहेत.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर आणि महाड पार करून बाणकोटला समुद्राला मिळते. सगळी मिळून शंभरएक किलोमीटर. पण आंबेतला जी दिसते ती शाळेच्या पुस्तकातली, वरून खाली वाहणारी नदी नव्हे. ती खाडी आहे. दिवसातून दोनदा पाणी समुद्राकडून वर चढतं, दोनदा उतरतं. भरतीचा जोर महाडच्या जवळपास पोहोचतो. जुन्या काळी याच भरतीवर गलबतं महाडच्या बंदरापर्यंत जायची, आणि लाँचने माणसं बाणकोटहून वर यायची. रस्ता नव्हता तेव्हा नदी हाच रस्ता होता.

माझी नानी याच गावची. भरती-ओहोटीचं तिथीनुसार गणित तिच्या तोंडावर होतं, कारण स्वयंपाक त्यावर ठरायचा. ओहोटीला बायका चिखलात उतरून तिसऱ्या आणि कालवं काढायच्या. बोईट, चिंबोऱ्या घरच्या दाराशी यायच्या. जिताडा मिळाला की तो पाहुण्यांसाठी. पैसे घरात कमी होते. आजोबा जहाजावर खलाशी, वर्षवर्ष बाहेर. पण खाडीमुळे चूल कधी पूर्ण कोरडी राहिली नाही. आज मामूच्या घरी गेलो की जेवणात मासा असतोच, फक्त तो बहुतेक वेळा बर्फातून आलेला असतो. खाडी अंगणात असताना मासा टेम्पोतून येतो. मामूला विचारलं तर तो एकच कारण सांगत नाही. वरून येणारं कारखान्यांचं पाणी म्हणतो, वाळूचे पंप म्हणतो, साचलेला गाळ म्हणतो, बारीक जाळ्यांनी पिल्लंसुद्धा उपसणारे म्हणतो. कुठल्या कारणाचा वाटा किती, हे त्याला मोजता येत नाही. ते मोजणं हे त्याचं काम नाहीच.

आंबेतची महाराष्ट्राला ओळख एका माणसामुळे आहे. बॅरिस्टर ए. आर. अंतुले इथले. जन्म १९२९ चा. जून १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले, महाराष्ट्राचे पहिले आणि आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट प्रकरणात त्यांना जावं लागलं. या दीड वर्षांत त्यांनी केलेली कामं अजून टिकून आहेत. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १ जानेवारी १९८१ रोजी. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे त्यांच्याच काळात झाले. निराधारांना महिन्याचं अनुदान देणारी संजय गांधी निराधार योजना त्यांचीच. रेवस ते रेडी हा किनारी महामार्ग हे त्यांचं स्वप्न, ज्याचे तुकडे अजून बांधले जात आहेत. आंबेतचा पूलही गाव त्यांच्याच नावे ओळखतं. २०१४ मध्ये ते गेले आणि याच गावच्या मातीत दफन झाले.

मला त्यांच्याबद्दल आदर आहे, आणि तरी एक गोष्ट बोलायची आहे जी गावात बोलली की वडीलधारे गप्प होतात. साहेबांनी आम्हाला रस्ता दिला, पूल दिला, पण आम्हाला एक सवयही लागली. काम म्हणजे साहेबांना सांगायचं. अर्ज नको, ग्रामसभा नको, पाठपुरावा नको, कुणीतरी साहेबांकडे जाऊन यायचं. एक माणूस इतका मोठा झाला की बाकीच्यांना लहान राहणं सोयीचं वाटलं. ते गेल्यानंतर आम्ही पुढच्या साहेबांची वाट बघत बसलो. काही वर्षांपूर्वी तो पूल दुरुस्तीसाठी बंद झाला आणि गाड्या फेरीबोटीने पार न्यायची वेळ आली, तेव्हा ग्रुपवर सगळ्यांत जास्त वेळा लिहिलं गेलेलं वाक्य होतं, ‘आज साहेब असते तर.’

साहेब असते तर पूल कदाचित लवकर झाला असता. पण नदीचं काम पुलासारखं नसतं. पुलाचं उद्घाटन होतं. नदीला दर महिन्याला कुणीतरी बघावं लागतं.

वरच्या बाजूला महाड आहे. बिरवाडीच्या परिसरात एमआयडीसी, मुख्यतः रसायनं आणि औषधांचे कारखाने. मी लोणेऱ्याला इंजिनीअरिंग केलं, आणि माझ्या बरोबरीच्या कितीतरी पोरांची पहिली नोकरी त्याच वसाहतीत होती. त्यांच्या पगारावर बहिणींची लग्नं झाली, घरावर स्लॅब पडला. तेव्हा ‘कारखाने हटवा’ असं मी म्हणणार नाही. जुईनगरमध्ये एसीत बसून असं म्हणणं फार सोपं आहे. त्या नोकरीत धोका किती आहे हेही तीच पोरं जाणतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या एका औषध कंपनीत स्फोट झाला आणि ११ कामगार गेले.

वसाहतीचं सांडपाणी एकत्र करून त्यावर प्रक्रिया होते आणि ते पाइपने खाडीत सोडलं जातं. कागदावर ही पद्धत ठीक आहे. पण इथे खाडी म्हणजे काय ते लक्षात घ्यायला हवं. वाहत्या नदीत सोडलेलं पाणी खाली निघून जातं. खाडीत सोडलेलं पाणी ओहोटीला काही किलोमीटर खाली जातं आणि भरतीला त्यातलं बरंचसं परत वर येतं. झोपाळ्यासारखं. पावसाळ्यात वरून पूर येतो तेव्हा खाडी धुऊन निघते. पण डिसेंबर ते मे वरून येणारं गोडं पाणी थोडंच असतं, आणि तेच पाणी आठवडेच्या आठवडे पुढे-मागे हलत राहतं. म्हणून पाणी किती शुद्ध करून सोडलं याइतकंच ते भरतीला सोडलं की ओहोटीला, उन्हाळ्यात किती सोडलं, हे महत्त्वाचं. पाइप आणखी लांब नेला तर एका गावाचा त्रास कमी होईल, पण पाइपच्या नव्या टोकाला कुणाचं तरी दुसरं गाव असणार.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. महाराष्ट्रातले ५३ पट्टे त्यात होते, देशात सर्वाधिक. सावित्रीही होती, पण पाचव्या म्हणजे सगळ्यांत सौम्य गटात. हे वाचून मला आधी हायसं वाटलं. मग लक्षात आलं की ते गट एकाच मोजमापावर पाडलेले आहेत: बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजायला किती ऑक्सिजन लागतो. गटाराचं पाणी ओळखायला ते चांगलं माप आहे. रसायनांच्या पाण्यात मात्र असे पदार्थ असू शकतात जे लवकर कुजतच नाहीत, त्यामुळे बीओडी कमी दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही म्हणतो की डॅशबोर्ड हिरवा आहे याचा अर्थ सिस्टीम ठीक आहे असा नाही, तुम्ही चुकीचा आकडा डॅशबोर्डवर लावलेला असू शकतो. तसंच.

आता वाळू. हा भाग लिहिताना माझे काही नातेवाईक नाराज होणार. सावित्रीच्या खाडीतला वाळूउपसा महाराष्ट्रभर माहीत आहे. हातपाटीने, बुडी मारून वाळू काढणारे पूर्वी होते; नंतर सक्शन पंप आले. पंप तळ खरवडतो. तिसऱ्या, कालवं, माशांची अंडी जिथे असतात तोच थर उचलून ट्रकमध्ये जातो, काठ ढासळतात. आणि या धंद्यात कोण आहे? काठावरचे सगळेच आहेत, आणि आपलेही आहेत. नवी मुंबईतल्या इमारतींना वाळू लागते. ज्या फ्लॅटच्या हप्त्यासाठी मी महिनाभर राबतो त्याच्या भिंतीत कुठल्या खाडीचा तळ आहे, मला ठाऊक नाही. महाडच्या कारखान्यांकडे बोट दाखवताना मशिदीच्या चंद्यातल्या एखाद्या मोठ्या रकमेकडेही बघायला हवं, ती कुठून आली आहे. जुम्याच्या खुतब्यात हलाल रोजीवर बोलणं होतं, तेव्हा वाळूचं नाव मी तरी आजवर ऐकलेलं नाही.

याच सावित्रीच्या काठी, महाडला, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांच्या जमावाने परिषदेला आलेल्यांवर हल्ला केला, तेव्हा कित्येकांना महाडच्या मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली. मांडवासाठी जागा द्यायला कुणी तयार नव्हतं, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. आपल्या पोरांना हे माहीत नसतं, मला स्वतःला पंचविशीनंतर कळलं. फत्तेखान आमदार नव्हते, बॅरिस्टर नव्हते. पाण्याच्या हक्काची लढाई दारात आली तेव्हा आपल्याकडे जे होतं, म्हणजे जमिनीचा तुकडा, ते त्यांनी दिलं. अंतुलेंच्या बरोबरीने हे नावही आपल्या घरांत घेतलं जायला हवं.

इंडोनेशियातून थोडं. पश्चिम जावामध्ये चितारुम नदीच्या काठी कापड आणि रंगाचे कारखाने इतके दाटले की ती जगातल्या सर्वांत घाणेरड्या नद्यांमध्ये गणली जाऊ लागली. काठावर छोटी गावं, भातशेती, मशिदी; फोटो बघितले तर आपलं कोकणच वाटावं. २०१८ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी सात वर्षांचा कार्यक्रम जाहीर करून चक्क लष्कराला नदीवर उतरवलं. पण मला जास्त रस आहे तो उलेमांनी काय केलं यात. तिथल्या उलेमा कौन्सिलने २०१४ मध्ये कचऱ्याच्या व्यवस्थापनावर फतवा दिला, त्याआधी २०११ मध्ये खाणकामावर. जकार्तातल्या इस्तिकलाल मशिदीने छतावर सौर पॅनल बसवले, वजूचं पाणी वाचवायची व्यवस्था केली आणि २०२२ मध्ये हरित इमारतीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवलं. एवढ्याने चितारुम स्वच्छ झाली असं नाही. पण नदी हा दीनचा विषय आहे की नाही यावर तिथे वाद उरलेला नाही. आपल्याकडे वाहत्या नदीवरही वजूला पाणी जपून वापरण्याची शिकवण मदरशातलं लहान मूल सांगेल. ती नदी वजूच्या लायक राहिली का, हा पुढचा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

मी राहतो ते जुईनगर शिरवणे आणि जुई या गावांच्या जमिनींवर उभं आहे. सिडको १९७० मध्ये आली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायचं ठरलं. आगरी-कोळी माणसं दि. बा. पाटलांच्या मागे उभी राहिली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. खाड्या आणि भातशेतं गेली ती गेलीच, पण निदान किंमत वसूल करायला माणसं गावात होती. आमच्या गावात कोण आहे? म्हातारी माणसं, बायका आणि मे महिन्यात भरणारी घरं. आमची मतदार यादीतली नावं नेरूळ-मुंब्र्याला, आम्ही ग्रामसभेत हात वर करू शकत नाही. आणि रायगडमध्ये आता आणखी उद्योग येणार हे ठरलेलंच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने देशात १२ नव्या औद्योगिक शहरांना मंजुरी दिली, त्यात दिघीचं नाव आहे.

मग बाहेर राहणाऱ्याने करायचं काय? मी नियम वाचत बसलो, कारण इंजिनीअरला दुसरं काही येत नाही. पर्यावरणीय मंजुरीची २००६ ची अधिसूचना आहे. मोठ्या प्रकल्पासाठी जनसुनावणी घ्यावी लागते. ३० दिवस आधी नोटीस, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष. त्यात दोन गोष्टी माझ्या डोळ्यांत भरल्या. पहिली, सुनावणीला गणसंख्येची अट नाही. मांडवात चार माणसं आली तरी सुनावणी झाली, कायदेशीर झाली. दुसरी, स्थानिक लोकांनी समोर येऊन बोलायचं असतं, पण ज्यांचा त्या जागेशी संबंध आहे असे बाहेरचे लोक लेखी म्हणणं पाठवू शकतात, आणि ते नोंदवून घ्यावं लागतं. ज्याचं घर, कब्रस्तान आणि सातबारा तिथे आहे त्याचा संबंध नाही असं कोण म्हणेल? जुईनगरमधून, दोह्यामधून ईमेल करता येतो. आणखी एक कलम आहे: एखाद्या औद्योगिक क्षेत्राला एकदा मंजुरी मिळाली की त्यातल्या कारखान्यांना सहसा वेगळी जनसुनावणी लागत नाही. म्हणजे बोलायची संधी बहुधा एकदाच येते, आणि ती आपण लग्नाच्या सीझनमध्ये घालवली तर गेली.

दुसरं, आकडे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ सावित्रीचं पाणी दादली पूल, ओवळे, मुठवली अशा ठिकाणी तपासतं आणि निकाल संकेतस्थळावर टाकतं. ते कुणी बघत नाही. एका मुलीने किंवा मुलाने महिन्यातून एकदा ते उतरवून घेतले, शेजारी भरती-ओहोटीची वेळ आणि गावातून आलेले फोटो तारखेसह ठेवले, तर दोन वर्षांत मामूच्या ‘पाणी वेगळंच वास मारतं’ या वाक्याला पुरावा तयार होईल. मग माहितीच्या अधिकारात नेमका प्रश्न विचारता येईल. ही शीट मी सुरू केली आहे. भरायला गावातून दोन जण लागतात. एक जण मिळाली आहे, बारावीत शिकणारी, मामूच्या शेजारच्या घरातली. ती दर रविवारी ओहोटीला धक्क्यावरून एकाच जागेवरून फोटो काढते. पहिल्या आठवड्यात तिने मला विचारलं, “भाईजान, फोटोत वास कसा लिहू?” मी शीटमध्ये एक रकाना वाढवला.

आणि वाळूबद्दल जमातीने एवढं तरी करावं की चंदा घेताना विचारावं.

येत्या महिन्यात नेरूळला जमातीची बैठक आहे. मी ‘सावित्री नदी’ असा विषय लिहून दिला होता. सेक्रेटरी साहेबांनी विषयपत्रिका पाठवली आहे. छप्पर, कब्रस्तानची भिंत, शिष्यवृत्त्या, आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय’. नदी तिथे आहे. त्या वेळेपर्यंत बिर्याणी आलेली असते, म्हणून मी त्यांना फोन करून विषय वर घ्यायला सांगितलं. बघतो म्हणाले.